हाय-एंड ऑडिओ सिस्टीममध्ये केबल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबलने आवाज बदलतो का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

एवढंच सांगता येत नाही, कारण प्रश्नच अर्धा आहे. केबल एकटी कधीच नसते, तिच्या एका टोकाला सिग्नल देणारं काहीतरी असतं आणि दुसऱ्या टोकाला घेणारं काहीतरी असतं, आणि केबल काय करणार हे त्या दोघांवर ठरतं. तीच दोन मीटरची वायर सीडी प्लेयर आणि प्रीॲम्पच्या (पॉवर ॲम्पच्या आधीचं, व्हॉल्यूम ठरवणारं उपकरण) मध्ये लावली तर तिचा काही पत्ताही लागत नाही, आणि तीच टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरला, लावली तर वरच्या सुरांचा तोल सरकू शकतो. "ही केबल ब्राइट आहे", "ती केबल वॉर्म आहे" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कशाला लावली होती? त्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. खालची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून हे आधी सांगितलं.

मग केबलमध्ये बघायचं काय?

तीन गोष्टी. रेझिस्टन्स, म्हणजे तार करंटला किती अडवते. कपॅसिटन्स, म्हणजे शेजारी शेजारी चाललेल्या दोन तारा मिळून एक छोटा कपॅसिटर होतो तो किती मोठा आहे. आणि इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला तारेचा होणारा विरोध, जो वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त जाणवतो. स्पीकर केबलमध्ये मुख्य रेझिस्टन्स, मग इंडक्टन्स. इंटरकनेक्टमध्ये, म्हणजे दोन उपकरणं जोडणाऱ्या केबलमध्ये, कपॅसिटन्स आणि शिल्डिंग (बाहेरचा नॉइज अडवणारं धातूचं आवरण). डिजिटल केबलमध्ये इंपीडन्स, म्हणजे एसी सिग्नलला होणारा एकूण अडथळा, जुळणं. ज्या केबलच्या पाकिटावर यातला एकही आकडा दिलेला नाही पण "रेशमी ट्रेबल" (ट्रेबल म्हणजे वरचे सूर) लिहिलंय तिथे कंपनीकडे आकडे मागायचे, मागितले की देणाऱ्या कंपन्या आहेत.

स्पीकर केबल किती जाड घ्यायची?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा हिशोबच करू.

तांब्याच्या २.५ स्क्वेअर एमएम वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.००७ ओहम असतो. ॲम्प ते स्पीकर पाच मीटर अंतर असेल तर करंट जाऊन परत येतो म्हणजे दहा मीटर तार, म्हणजे ०.०७ ओहम. हीच वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची घेतली, बॉक्समध्ये फुकट येते तशी बारीक, तर ०.२३ ओहम. दोन्ही आकडे छोटेच दिसतात, पण गंमत पुढे आहे. स्पीकरवर "८ ओहम" लिहिलेलं असलं तरी तो सगळीकडे ८ नसतो, एखाद्या फ्रिक्वेन्सीला ४ वर येतो, दुसरीकडे २० वर जातो. जिथे ४ आहे तिथे बारीक वायर जवळपास अर्धा डेसिबल खाते, जिथे २० आहे तिथे फक्त ०.१ डेसिबल. म्हणजे वायरने आवाज नुसता कमी नाही केला, स्पीकरच्या इंपीडन्सचा जो चढउतार आहे त्याचाच एक पुसट ठसा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सवर उमटवला, साधारण ०.४ डेसिबलचा. हा फरक एका मोठ्या पट्ट्यावर पसरलेला असेल तर काळजीपूर्वक ऐकणाऱ्या माणसाला कळू शकतो. जाड वायरमध्ये हाच फरक ०.१२ डेसिबलवर येतो आणि विषय संपतो.

माझा स्वतःचा नियम असा की जाऊन येऊन एकूण रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आत ठेवायचा. म्हणजे १.५ स्क्वेअर एमएम चार मीटरपर्यंत, २.५ सात मीटरपर्यंत, ४ स्क्वेअर एमएम साडेअकरा मीटरपर्यंत. स्पीकर ४ ओहमचे असतील आणि खाली अडीच-तीनपर्यंत उतरत असतील तर एक पायरी वर जायचं. त्याहून जाड घेतल्याने तोटा नाही पण फायदाही मोजता येणार नाही इतका कमी, उलट जाड वायर बायंडिंग पोस्टच्या, म्हणजे मागच्या स्क्रू टर्मिनलच्या, भोकात बसत नाही मग लोक तिच्या चार तारा कापून बसवतात, तसं करू नका.

जाड केबलने डॅम्पिंग फॅक्टर सुधारतो आणि बेस टाइट होतो म्हणतात, खरं का?

कागदावर हो. डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे स्पीकरच्या इंपीडन्सला ॲम्पच्या आउटपुट इंपीडन्सने भागून येणारा आकडा. ८ ओहमला ४०० डॅम्पिंग फॅक्टरचा ॲम्प म्हणजे त्याचा आउटपुट इंपीडन्स ०.०२ ओहम, त्यात केबलचे ०.०७ मिळवले की आकडा ४०० वरून ८९ वर येतो, बघून धक्का बसतो. पण स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) जो ब्रेक लागतो त्या सर्किटमध्ये स्पीकरच्या व्हॉइस कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्सपण बसलेला आहे, ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तो सहाच्या आसपास असतो. म्हणजे खरी तुलना ६.०२ आणि ६.०९ अशी आहे, एक टक्का. बेस फुगलेला वाटत असेल तर स्पीकर भिंतीपासून एक फूट पुढे ओढून बघा, केबलआधी ते.

चांदीची केबल तांब्यापेक्षा चांगली का?

चांदी तांब्यापेक्षा साधारण ५-६ टक्के चांगली वाहक आहे. म्हणजे चांदीची जी वायर आहे तिच्याइतकाच रेझिस्टन्स हवा असेल तर तांब्याची वायर सहा टक्के जाड घ्यायची, झालं. चांदी "चमकदार" वाजते असं जे म्हणतात त्यात मला धातूच्या रंगाचा भाग जास्त वाटतो, मनात चांदीची जी प्रतिमा आहे ती कानात उतरते आणि तसं होणं अगदी माणसासारखं आहे.

ओएफसी, म्हणजे ऑक्सिजन-फ्री कॉपर, याचंही तसंच. तांब्याची वाहकता ज्या मापाने सांगतात ते प्रमाण १९१३ साली ठरलं, त्या मापावर साधं इलेक्ट्रिकल ग्रेडचं तांबं १०० टक्क्यांच्या आसपास आणि ओएफसी १०१ च्या आसपास. आज मिळणारी बरीचशी चांगली वायर तशीही ओएफसीच असते.

मग धातूने काहीच फरक पडत नाही?

पडतो, पण जिथे लोक बघत नाहीत तिथे. सीसीए नावाची वायर मिळते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर. ही शुद्ध तांब्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडी कमीच वाहक असते. म्हणजे २.५ ची समजून घेतलेली वायर काम मात्र १.५ च्या तांब्यासारखं करते. शिवाय ॲल्युमिनियम वाकवलं की लवकर तुटतं आणि स्क्रूखाली दाबून ठेवलं की हळूहळू सैल होतं.

ओळखायला सोपं आहे, एक बारीक तार घेऊन ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर सीसीए. उलट काही वायर वरून पांढऱ्या दिसतात आणि खरवडल्यावर आत लाल निघतात, ती टिन केलेली कॉपर वायर, उत्तम असते, दमट हवेत तर जास्तच टिकते. आणि वजन हातात घेऊन बघा, सीसीएचं बंडल हलकं लागतं.

"स्किन इफेक्ट"मुळे ट्रेबल कमी होते का?

स्किन इफेक्ट खरा आहे, फ्रिक्वेन्सी वाढली की करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो. पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीपर्यंत तो मुख्यतः वाहतो ती खोली २० किलोहर्ट्झला तांब्यात साधारण ०.४७ मिमी असते, १ किलोहर्ट्झला २ मिमीच्या पुढे. २.५ स्क्वेअर एमएम तारेची त्रिज्याच ०.९ मिमी आहे, म्हणजे अगदी वरच्या टोकाला रेझिस्टन्स थोडासा वाढतो, पण मुळात तो इतका कमी आहे की त्यातली थोडी वाढ स्पीकरपर्यंत पोचत नाही. त्याच फ्रिक्वेन्सीला इंडक्टन्सचा परिणाम याच्यापेक्षा मोठा असतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

पाच मीटरच्या साध्या जोडतारेत तीन मायक्रोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्स धरा, २० किलोहर्ट्झला तो ०.४ ओहमसारखा अडथळा होतो. आठ ओहमच्या साध्या स्पीकरला याचं काही नाही. पण इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर (कोनऐवजी विजेच्या दाबाने हलणारा पातळ पडदा असलेले) असतील, ज्यांचा इंपीडन्स वर जाता जाता एक-दोन ओहमपर्यंत घसरतो, तर तिथे अर्ध्या डेसिबलच्या वर उतार येऊ शकतो. इलेक्ट्रोस्टॅटिकवाल्यांनी केबल छोटी ठेवावी आणि दोन तारा एकमेकींना चिकटून किंवा पिळून जाणारी घ्यावी. पुन्हा तेच, टोकाला काय आहे ते बघा.

केबल बदलल्यावर माझा ॲम्प गरम व्हायला लागला, हे शक्य आहे का?

शक्य आहे आणि हे गंभीरपणे घ्या. लगेच बंद करा. काही स्पीकर केबल्समध्ये इंडक्टन्स कमी करायला खूप साऱ्या तारा एकमेकींत विणतात, त्याने इंडक्टन्स कमी होतो पण कपॅसिटन्स खूप वाढतो, आणि काही ॲम्प इतका कपॅसिटन्स टोकाला लागला की ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट व्हायला, म्हणजे आपणहून सिग्नल तयार करायला लागतात. आवाज येत नाही पण उष्णता तयार होते. बहुतेक ॲम्पमध्ये यासाठी आउटपुटला एक छोटी कॉइल असते. नेम (Naim) या ब्रिटिश कंपनीच्या पारंपरिक ॲम्पमध्ये ती नसते, त्यांचं डिझाइनच केबलचा इंडक्टन्स धरून केलेलं आहे, म्हणून ते स्वतःची केबल आणि किमान साडेतीन मीटर लांबी वापरायला सांगतात. अशा वेळी मॅन्युअल ऐकायचं.

केबल, ॲम्प आणि स्पीकर हे तिघं मिळून एक सर्किट आहे हे कोणी नवीन सांगत नाहीये, फ्रेड डेव्हिस यांनी १९९१ मध्ये जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीत याच विषयावर सविस्तर मोजमापं छापली होती.

डाव्या आणि उजव्या स्पीकरची केबल सारख्या लांबीची हवीच का?

वेळेसाठी नको. सिग्नल तारेतून प्रकाशाच्या दोन-तृतीयांश वेगाने जातो असं धरलं तर तीन मीटरच्या फरकाने उशीर होतो १५ नॅनोसेकंदाचा, तेवढ्या वेळात आवाज हवेत मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकाच पुढे जातो. तुमची मान त्यापेक्षा जास्त हलते. वायर पुरेशी जाड असेल तर रेझिस्टन्सचा फरकही नगण्य. उरलेली केबल गुंडाळून मागे ठेवली तरी चालते, जाणारी आणि येणारी तार शेजारी असल्यामुळे एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी मारते.

इंटरकनेक्टवर खर्च करावा का?

बहुतेक वेळा चांगली बांधणी, चांगलं शिल्ड आणि घट्ट बसणारा जॅक एवढं पुरतं. डॅकचा (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या उपकरणाचा) आउटपुट इंपीडन्स १०० ओहम आणि केबलचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरॅड असं धरा, दोन मीटरला २००. यातून वरच्या फ्रिक्वेन्सीची जी कट-ऑफ (जिथून पुढे सिग्नल घसरत जातो ती जागा) येते ती येते जवळजवळ ८ मेगाहर्ट्झला. मेगा. आपण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी.

आता तोच हिशोब पॅसिव्ह प्रीॲम्पचा. नुसता व्हॉल्यूम पॉट (फिरवायचा बदलता रेझिस्टर), पुढे बफर (आउटपुट इंपीडन्स कमी करणारं सर्किट) नाही. पॉट १०० किलोओहमचा असेल तर एका ठराविक सेटिंगला आउटपुट इंपीडन्स २५ किलोओहमपर्यंत जातो, त्याच्यापुढे पाच मीटर केबल लावली, ५०० पिकोफॅरॅड, की कट-ऑफ खाली येते १२.७ किलोहर्ट्झला. आता ट्रेबल खरोखर गेलेली आहे, कल्पना नाही, आणि व्हॉल्यूम फिरवला की तीसुद्धा बदलते! अशा सिस्टीमवर कमी कपॅसिटन्सची केबल लावली आणि "पडदा बाजूला झाला" असं कोणी म्हटलं तर ते शंभर टक्के खरं आहे. उपाय तरी सोपा, १० किलोओहमचा पॉट आणि अर्ध्या-एक मीटरची केबल. काही ट्यूब प्रीॲम्पचाही आउटपुट इंपीडन्स बऱ्यापैकी जास्त असतो, त्यांनाही हेच लागू.

टर्नटेबलच्या केबलचं एवढं काय असतं?

इथे मात्र मी कोणालाही म्हणेन की वेळ घाला. संपूर्ण घरगुती सिस्टीममध्ये केबल सगळ्यात जास्त बोलते ती इथे.

कार्ट्रिज म्हणजे सुईच्या हालचालीतून सिग्नल बनवणारा भाग. मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजच्या आत कॉइल असते, तिचा इंडक्टन्स ४००-५०० मिलीहेन्री असू शकतो, स्पीकर केबलच्या लाखपट. हा इंडक्टन्स आणि केबल अधिक फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) यांचा कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स बनतो, म्हणजे एका ठराविक फ्रिक्वेन्सीला सिग्नल उसळतो. ५०० मिलीहेन्रीला एकूण १५० पिकोफॅरॅड असेल तर रेझोनन्स १८ किलोहर्ट्झच्या वर, एकूण ३०० झाला तर १३ किलोहर्ट्झला. पहिल्यात ट्रेबल मोकळी पसरते, दुसऱ्यात बऱ्याचदा वर एक उंचवटा येतो आणि त्याच्या पुढे कडा कोसळते, सिंबल चरचरतात आणि मोकळेपणा मात्र नाही. लोक कार्ट्रिजला नावं ठेवतात, स्टायलस (सुई) बदलतात, आर्म बदलतात.

करायचं काय तर कार्ट्रिजच्या कागदावर शिफारस केलेला लोड कपॅसिटन्स बघा, समजा १०० ते २०० पिकोफॅरॅड लिहिलंय. आर्मच्या आतली तार, बाहेरची केबल आणि फोनो स्टेजचा इनपुट यांची बेरीज त्यात बसली पाहिजे. केबलचा आकडा माहीत नसेल तर कपॅसिटन्स मोजणारं मल्टिमीटर घ्या, केबल दोन्हीकडून काढून मधली पिन आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. बेरीज जास्त झाली तर केबल छोटी करा. माझ्या स्वतःच्या टेबलला मी दीड मीटरची जाडजूड केबल काढून पाऊण मीटरची साधी कमी कपॅसिटन्सची लावली आणि त्या दिवशी व्हायोलिनच्या रेकॉर्ड्स एकामागून एक रात्री उशिरापर्यंत ऐकल्या, इतकं सुटल्यासारखं वाटलं.

मूव्हिंग कॉइल (हलत्या कॉइलच्या) कार्ट्रिजला कपॅसिटन्सचा त्रास जवळजवळ नाही कारण कॉइल अगदी छोटी असते, पण सिग्नल अर्ध्या मिलीव्होल्टच्या आत, त्यामुळे हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, सहज शिरतो. तिथे शिल्ड आणि ग्राउंड वायर नीट हवी.

आरसीए की एक्सएलआर?

आरसीए म्हणजे मधली पिन आणि बाहेरची रिंग असलेला नेहमीचा जॅक, एक्सएलआर म्हणजे तीन पिनांचा. दोन्ही बाजूची उपकरणं खरोखर बॅलन्स्ड असतील आणि केबल लांब असेल तर एक्सएलआर. त्यात पिन २ आणि पिन ३ वर एकच सिग्नल उलटसुलट जातो, वाटेत जो नॉइज दोन्हीवर सारखा चढतो तो पुढच्या इनपुटला वजा होतो. एक मीटरच्या अंतरात शांत घरात आरसीए तितकीच चांगली.

पण तुलना करताना एक सापळा आहे. बहुतेक उपकरणांत आरसीएला २ व्होल्ट आणि एक्सएलआरला ४ व्होल्ट निघतात, म्हणजे ६ डेसिबल जास्त. वायर बदलून बघितली, आवाज "मोठा, भरलेला, जिवंत" झाला, आणि श्रेय वायरला मिळालं. व्हॉल्यूम खाली घेऊन परत ऐका.

सिस्टीममधून सतत हम येतो. चांगली केबल घेतली तर जाईल का?

कदाचित, पण आधी शोधा. ५० किंवा ६० हर्ट्झचा, किंवा त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा घुमल्यासारखा आवाज म्हणजे बहुतेक वेळा ग्राउंड लूप. दोन उपकरणांना अर्थिंग दोन वाटांनी मिळतं, एक भिंतीतून आणि एक इंटरकनेक्टच्या शिल्डमधून, आणि त्या वळशात थोडासा करंट फिरतो.

शोधायची पद्धत कंटाळवाणी आहे पण चुकत नाही. ॲम्प बंद करून सगळे इनपुट काढा, चालू करा, शांत आहे का बघा. मग बंद करून एक केबल जोडा, परत चालू. ज्या केबलला हम आला ते उपकरण पकडा. केबल टीव्ही किंवा डिशची लाइन जोडलेली असेल तर तिच्यावर पहिला संशय, तिचं अर्थिंग कुठून कुठून आलेलं असतं. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून, एकाच एक्स्टेंशनवरून चालवली की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटल्या तर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, किंवा डिजिटल असेल तर ऑप्टिकल केबल.

माझ्याकडे एकदा तीन आठवडे हम होता, मी दोन नवीन इंटरकनेक्ट आणले, एक परत केला, शेवटी निघाला फोनो स्टेजच्या मागचा ग्राउंडचा स्क्रू, अर्धा फेरा सैल. तेव्हापासून मी काहीही विकत घेण्याआधी सगळे स्क्रू आणि जॅक हाताने फिरवून बघतो.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो, प्लगची अर्थ पिन काढून किंवा तिच्यावर टेप लावून हम घालवू नका. हम जातो हे खरं, पण आत कुठे लाइव्ह तार चेसिसला लागली तर पूर्ण सिस्टीमची धातूची बॉडी लाइव्ह होते, आणि ती इंटरकनेक्टमधून पुढच्या उपकरणापर्यंत जाते. संगीतासाठी कोणाचा जीव धोक्यात घालायचा नसतो.

बाय-वायरिंग करावं का?

बाय-वायरिंग म्हणजे स्पीकरमधल्या ट्वीटरला (वरचे सूर) आणि वूफरला (खालचे सूर) ॲम्पपासून वेगवेगळी केबल. स्पीकरला चार टर्मिनल आहेत आणि वायर उरली आहे तर करा, नुकसान नाही. ट्वीटर आणि वूफरचा करंट वेगळ्या तारांतून जातो हे खरं, पण दोन्ही तारा ॲम्पच्या त्याच टर्मिनलला मिळतात, त्यामुळे बहुतेक फायदा एकूण तांबं वाढल्याचा असतो. एकच जाड केबल घेऊन तेवढंच मिळतं. एकच केबल लावणार असाल तर टर्मिनल जोडायला स्पीकरबरोबर येणारी पत्र्याची पट्टी मात्र काढून तिथे स्पीकर वायरचाच छोटा तुकडा लावा, त्या पट्ट्या काळ्या पडतात आणि नीट बसत नाहीत.

डिजिटल केबलमधून शून्य आणि एकच जातात, मग महाग केबलचा उपयोग काय?

शून्य आणि एक जातात हे बरोबर, आणि ते बहुतेक सगळ्या धड केबलमधून बरोबरच पोचतात. चुकले तर आवाज "थोडा कोरडा" होत नाही, टिकटिक येते, आवाज तुटतो, बंद पडतो. डिजिटलमध्ये बेस कमी होणं अशी चूक नसते.

पण दोन खऱ्या गोष्टी आहेत. एक क्लॉक, म्हणजे कुठला आकडा नेमका कधी वाजवायचा ते ठरवणारी वेळ. कोॲक्सियल एसपीडिफमध्ये (S/PDIF, डिजिटल ऑडिओ पाठवायची एक पद्धत) क्लॉक सिग्नलमध्येच मिसळून येतं, त्यामुळे केबल ७५ ओहमची हवी, नाहीतर टोकाला सिग्नल परावर्तित होतो आणि कडा हलतात. आधुनिक डॅक ते बऱ्यापैकी साफ करतात, जुने कमी. चांगली ७५ ओहमची व्हिडिओ केबल इथे उत्तम चालते. यूएसबीमध्ये असिंक्रोनस पद्धत (डॅक स्वतःच्या वेगाने डेटा मागवतो) असेल तर क्लॉक डॅकचं स्वतःचं, केबलचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट ग्राउंड. यूएसबी केबलमधून डेटाबरोबर कॉम्प्युटरचं ग्राउंड आणि ५ व्होल्टही येतात, त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची कुजबुज. माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर येते तो हाच प्रकार. याला महाग यूएसबी केबल नाही, यूएसबी आयसोलेटर हा उपाय. ऑप्टिकल केबलमधून वीजच जात नाही, प्रकाश जातो, म्हणून हा प्रश्न तिथे येतच नाही. ही पद्धत १९८३ साली तोशिबाने आणली, टॉसलिंक हे नाव तिथूनच. फक्त तिला कडक वळण देऊ नका.

आणि नेटवर्क केबल?

गाणं चालू असताना लॅनची केबल उपसून बघा. बहुतेक स्ट्रीमरवर गाणं काही सेकंद चालूच राहतं, कारण तो डेटा आधीच येऊन स्ट्रीमरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडलेला असतो. जी केबल आत्ता लावलेलीसुद्धा नाही ती आवाजाला रंग कसा देणार. साधी, शिल्ड नसलेली, चांगल्या प्रतीची केबल घ्या, शिल्ड नसली की दोन उपकरणांची चेसिस तिच्यातून जोडली जात नाहीत हाही फायदाच.

पॉवर कॉर्ड बदलल्याने फरक पडतो का?

भिंतीतून येणारी वायर पन्नास-पन्नास मीटर साध्या तांब्याची आहे, शेवटच्या दीड मीटरने तिचं काही बदलत नाही. शिवाय ॲम्पच्या आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर आहेत, त्यांचं कामच ते. मोठ्या पॉवर ॲम्पला कॉर्ड पुरेशी जाड हवी आणि प्लग सॉकेटमध्ये घट्ट बसायला हवा, सैल प्लग खरोखर वाईट, गरम होतो आणि ठिणग्यांची खरखर स्पीकरमध्ये येते. पैसे खर्च करायचेच असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ऑडिओसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग करून घ्या. आणि सुरक्षिततेचा शिक्का नसलेली हौशी कॉर्ड कितीही सुंदर दिसली तरी घरात आणू नका.

केबलवर बाण असतो, उलटी लावली तर?

संगीताचा सिग्नल एसी आहे, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, तारेला दिशा कळत नाही. पण काही इंटरकनेक्टमध्ये आत दोन तारा आणि बाहेर शिल्ड असं असतं आणि शिल्ड एकाच टोकाला जोडलेलं असतं, बहुतेक बनवणारे सिग्नल जिथून निघतो तिकडच्या टोकाला जोडतात. तिथे बाणाला अर्थ आहे, त्याप्रमाणे लावा. स्पीकर केबलवरच्या बाणाला नाही. दोन्ही चॅनलला प्लस-मायनस मात्र सारखं लावा, एक उलटं झालं तर बेस गायब आणि गायक खोलीभर हरवलेला.

केबल शंभर तास वाजवल्यावर "खुलते" का?

तांबं आणि इन्सुलेशन शंभर तासांत असं काही बदलत नाही की ते रेझिस्टन्स, कपॅसिटन्समध्ये दिसेल. स्पीकरचा सराउंड (कोनभोवतीची लवचिक कड) मात्र सुरुवातीला थोडा मोकळा होतो, ते मोजता येतं. आणि सगळ्यात जास्त मोकळे होतात आपले कान, नवीन आवाजाची सवय होते. परत करायची मुदत तीस दिवस असेल तर खुलण्याची वाट बघत ती घालवू नका.

बनाना, स्पेड की उघडी तार?

बनाना म्हणजे भोकात घुसणारा प्लग, स्पेड म्हणजे स्क्रूखाली बसणारं काट्यासारखं टोक. आवाजाला तिन्ही सारखे, घट्ट बसलं पाहिजे एवढंच. उघडी तार लावत असाल तर टोकाला सोल्डर करून मग स्क्रूखाली दाबू नका, सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि काही महिन्यांत जोड सैल. सोन्याचा मुलामा वाहकतेसाठी नसतो, सोनं तांब्यापेक्षा कमीच वाहक आहे, पण ते गंजत नाही म्हणून वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट स्वच्छ राहतो. वर्षातून एकदा सगळे जॅक काढून परत घाला, घासल्याने पुटं निघतं.

तुम्ही काहीही म्हणा, मला फरक स्पष्ट ऐकू येतो. मी खोटं बोलतोय का?

अजिबात नाही. तुम्हाला जे ऐकू येतंय ते तुम्हाला खरोखर ऐकू येतंय. प्रश्न फक्त एवढा की तो फरक तारेतून आला, की व्हॉल्यूममधल्या पाव डेसिबलमधून, की केबल काढताना साफ झालेल्या जॅकमधून, की डोकं आज दोन इंच पुढे होतं म्हणून, की ती केबल काय आहे हे माहीत होतं म्हणून. हे सगळे परिणाम खरे आहेत आणि मीही त्यातून सुटलेलो नाही.

घरी तपासायचं असेल तर असं करा. एका टेस्ट टोनवर स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून दोन्ही केबलचा व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा. दुसऱ्या माणसाला नाणं उडवून केबल निवडायला सांगा, त्याने दर वेळी केबल काढून परत लावायची, तीच असली तरी, आणि तुम्ही खोलीबाहेर. दहा वेळा ओळखा. दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता साधारण एक टक्का, म्हणजे फरक आहे असं धरून चाला आणि मग तो का आहे ते मोजून शोधा, मजा त्यात आहे. सहा-सात आले तर अजून काही कळलं नाही. हीच पद्धत स्विचबॉक्सने करायची सोय डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये एबीएक्स नावाने मांडली.

बजेटचा किती टक्के भाग केबलला द्यावा?

टक्के हा हिशोबच नाही. स्पीकर किती लांब आहेत, त्यांचा किमान इंपीडन्स किती, कार्ट्रिजला किती पिकोफॅरॅड लागतात, हे लिहून काढा, त्यात बसणारी चांगल्या बांधणीची केबल घ्या, जे उरेल ते स्पीकर आणि खोलीला. खोलीत बेसला दहा डेसिबलचे डोंगर-दऱ्या असणं नेहमीचं आहे, तिथे गालिचा, पडदे, पुस्तकांचं कपाट, बसायची जागा अर्धा मीटर पुढेमागे, यातून जे मिळतं ते कुठल्याच तारेतून मिळणार नाही. देखणी, विणलेली केबल आवडते म्हणून घेतली तर तेही छान, रोज बघायची वस्तू आहे.

जुन्या केबल कधी बदलायच्या?

पारदर्शक इन्सुलेशनच्या आत तांबं हिरवं पडलं असेल तर नुसतं टोक नवीन सोलून चालतं का बघा, बहुतेक वेळा आतली तार ठीक असते. पण इन्सुलेशन चिकट झालं असेल, जॅक हलवला की एक चॅनल जातो-येतो, किंवा स्पीकर वायर सोफ्याच्या पायाखाली चेपून सपाट झाली असेल तर लगेच बदला. स्पीकर वायर शॉर्ट झाली तर ॲम्पच्या आउटपुट स्टेजवर बेततं, म्हणून बदलताना ॲम्प बंद, प्लग काढलेला, आणि चालू करायच्या आधी मल्टिमीटरने दोन टोकांमध्ये शॉर्ट नाही ना एवढं बघून घ्या.